आरटीएक्स ५०६० की आरएक्स ९०६० एक्सटी? मेमरी महागलेली असताना कार्ड कसं निवडायचं

गेल्या आठवड्यात मुक्ताईनगरहून मावसभावाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. दोन स्क्रीनशॉट आणि खाली एवढंच: "दादा, दोन्हीत पाचेक हजारांचा फरक आहे. कोणतं घेऊ? पप्पा म्हणतात एकदाच काय ते घे, पुन्हा मागू नको."

पोरगा जळगावला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत कोडिंगपासून गेमिंगपर्यंत सगळं फोनवर आणि कॉलेजच्या लॅबमध्ये चाललं. आता केळीची पट्टी आली की पीसी घ्यायचा, असं घरात ठरलंय. मॉनिटर, यूपीएस सगळं धरून बजेट ८० हजार. त्यातला जवळपास निम्मा पैसा एकटं ग्राफिक्स कार्ड खाणार. म्हणजे चुकीचं कार्ड घेतलं तर दुरुस्त करायला दुसरी संधी नाही.

स्क्रीनशॉटमधली दोन कार्डं म्हणजे एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० (८ जीबी) आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी (१६ जीबी). हाच प्रश्न सध्या बऱ्याच जणांना पडलाय, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितोय.

थोडक्यात उत्तर

घाई असेल तर एवढंच वाचा. एकच कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल आणि वरचे पाच हजार जमत असतील, तर ९०६० एक्सटी १६ जीबी घ्या. तुम्ही फक्त व्हॅलोरंट, सीएस २ असे हलके गेम खेळत असाल, किंवा तुमच्या रोजच्या सॉफ्टवेअरला कुडा लागतंच असेल, तर ५०६० चालेल. बाकी सगळ्यांनी पुढचं वाचा, कारण खरी गोम वेगात नाही, मेमरीत आहे.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा झाला?

२०२५च्या ऑक्टोबरपासून रॅमच्या किमती अशा चढल्या की पीसी बनवणाऱ्यांचे अंदाज कोलमडले. काही महिन्यांत डीडीआर५ रॅमच्या किटचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. कारण एआय.

जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरमधल्या चिप्सना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, आणि तिच्यात नफा जास्त आहे. पण तेवढ्याच जीबीच्या डीडीआर५ मेमरीच्या तुलनेत एचबीएमला साधारण तिप्पट वेफर लागतात, असं मायक्रॉननेच सांगितलेलं आहे. कारखाने तेवढेच, वेफर तेवढेच. एआयकडे जास्त गेले की आपल्याकडे कमी उरणार, साधं गणित आहे. ३ डिसेंबर २०२५ रोजी तर मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा रॅम-एसएसडीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता एनव्हिडियाचे आकडे बघा. जानेवारी २०२२ला संपलेल्या आर्थिक वर्षात तिची गेमिंगची विक्री १२.४६ अब्ज डॉलर होती आणि डेटा सेंटरची १०.६१ अब्ज. म्हणजे गेमर हा पहिला गिऱ्हाईक होता. जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात डेटा सेंटर ११५.२ अब्जांवर गेलं, गेमिंग मात्र ११.३५ अब्जांवरच राहिलं. एकूण विक्रीच्या ९ टक्क्यांहूनही कमी. एएमडीसुद्धा एआयच्या मागे जोरात धावतेय, त्यामुळे ती आपली सोयरी आहे असं समजायचं कारण नाही.

अर्थ असा की येत्या काळात स्वस्त कार्डात कंपन्या सगळ्यात आधी मेमरीवर काटकसर करतील. म्हणून आज हातात येणाऱ्या प्रत्येक जीबीला किंमत आहे. आणि हे फक्त पीसीवाल्यांचं दुखणं नाही. तुमच्या फोनमधली रॅमही याच कंपन्यांकडून येते, तेव्हा पुढचा फोन घेतानाही हा भुर्दंड दिसेल.

कागदावरची तुलना

आरटीएक्स ५०६०
- बाजारात: १९ मे २०२५
- जाहीर किंमत: २९९ डॉलर
- कोअर: ३,८४०; बूस्ट क्लॉक साधारण २.५ गिगाहर्ट्झ
- मेमरी: ८ जीबी जीडीडीआर७, १२८ बिट
- मेमरीचा वेग: सेकंदाला ४४८ जीबी
- स्लॉट: पीसीआयई ५.०, ८ लेन
- वीज: १४५ वॅट

आरएक्स ९०६० एक्सटी (१६ जीबी)
- बाजारात: ५ जून २०२५
- जाहीर किंमत: ३४९ डॉलर
- कोअर: २,०४८; बूस्ट क्लॉक साधारण ३.१ गिगाहर्ट्झ
- मेमरी: १६ जीबी जीडीडीआर६, १२८ बिट
- मेमरीचा वेग: सेकंदाला ३२० जीबी
- स्लॉट: पीसीआयई ५.०, १६ लेन
- वीज: १६० वॅट

पहिली गोष्ट: ३,८४० विरुद्ध २,०४८ बघून ५०६० जवळपास दुप्पट वेगवान आहे असं समजू नका. दोन कंपन्यांचे कोअर वेगळ्या पद्धतीने बनतात आणि मोजले जातात. कोअरची तुलना एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या कार्डांत करायची असते.

दुसरी गोष्ट, मेमरीचा वेग. इथे ५०६० सरळ पुढे आहे, कारण तिच्यात नवी जीडीडीआर७ मेमरी आहे. एएमडीने ही कसर चिपमध्येच ३२ एमबीची इन्फिनिटी कॅश देऊन बरीचशी भरून काढलीय. वारंवार लागणारा डेटा तिथेच सापडला की मेमरीकडे कमी वेळा जावं लागतं.

८ आणि १६ जीबीचा फरक नेमका कुठे लागतो

फोनमध्ये ८ जीबी रॅम असते तेव्हा ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं मिळून वापरतात. पीसीत ग्राफिक्स कार्डाची मेमरी वेगळी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांचे टेक्स्चर, सावल्यांची माहिती, सगळं या व्हीरॅममध्ये ठेवलेलं असतं.

व्हीरॅम पुरते तोवर ८ आणि १६मध्ये काहीच फरक दिसत नाही. पण ती भरली की उरलेला डेटा पीसीच्या साध्या रॅममध्ये जातो, आणि लागेल तेव्हा मदरबोर्डच्या पीसीआयई स्लॉटमधून आणावा लागतो. आणि हा रस्ता फार अरुंद आहे.

मावसभावाचा बेत असा होता: नवी रॅम परवडत नाही, म्हणून एका सिनियरकडून इंटेलच्या दहाव्या पिढीचा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम असा जुना संच घ्यायचा. बेत वाईट नाही, सध्या बरेच जण हेच करतात. पण त्या बोर्डावर पीसीआयई ३.० आहे. ५०६०ला मुळात ८च लेन आहेत, तेव्हा तिथे तिला सेकंदाला साधारण ८ जीबी एवढाच रस्ता मिळतो. कुठे स्वतःच्या मेमरीचा ४४८ जीबीचा वेग आणि कुठे ८! तब्बल छप्पन पट कमी. म्हणूनच व्हीरॅम भरली की गेम नुसता मंद होत नाही, तो झटके देतो. सरासरी ६० फ्रेम दिसतात, पण मध्येच अर्धा सेकंद सगळं गोठतं. कधी टेक्स्चर लोडच होत नाहीत आणि भिंती धुरकट दिसतात.

९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, म्हणजे त्याच जुन्या बोर्डावर दुप्पट रस्ता. आणि १६ जीबी असल्यामुळे त्या रस्त्यावर उतरायची वेळच कमी येते. जुन्या बोर्डावर नवं कार्ड बसवणार असाल तर हा मुद्दा विसरू नका. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही.

"पण १०८०पीला ८ जीबी पुरते" असं तुम्ही ऐकलं असेल. मे २०२५मध्ये एएमडीच्याच एका अधिकाऱ्याने ८ जीबीच्या कार्डाची बाजू घेताना असंच म्हटलं होतं. त्यात तथ्यही आहे. व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ यांना ८ जीबी आरामात पुरते, आणि बहुतांश लोक हेच खेळतात. पण डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलसारख्या गेममध्ये ८ जीबीवाल्यांना टेक्स्चरची सेटिंग खाली आणावीच लागली. कारण सोपं आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, आणि मोठे गेम आता त्या हिशेबाने बनतात. पीसीत मात्र २०१६च्या जीटीएक्स १०७०मध्येही ८ जीबीच होती. नऊ वर्षांनी आलेल्या ५०६०मध्येही तेवढीच.

मग वेगात पुढे कोण?

व्हीरॅम पुरत असताना, साध्या रेंडरिंगमध्ये ९०६० एक्सटी १६ जीबी बहुतेक गेममध्ये ५०६०च्या पुढे राहते. फरक गेमनुसार बदलतो, काही ठिकाणी दोघी बरोबरीतही येतात. रे ट्रेसिंगमध्ये एएमडीने या पिढीत मोठी मजल मारलीय, तरी जड रे ट्रेसिंगमध्ये, विशेषतः पाथ ट्रेसिंगमध्ये, एनव्हिडियाची पकड अजून घट्ट आहे.

एनव्हिडियाचा दुसरा हुकमी एक्का म्हणजे डीएलएसएस ४. कमी रिझोल्युशनवर चित्र बनवून ते एआयने मोठं करणं, हे तिचं जुनं बलस्थान. एएमडीचं एफएसआर ४ आता दर्जात खूप जवळ आलंय, पण डीएलएसएस चालणाऱ्या गेमची यादी मोठी आहे.

मल्टी फ्रेम जनरेशनबद्दल मात्र सावध राहा. डीएलएसएस ४मध्ये कार्ड एक खरी फ्रेम बनवतं आणि एआय जास्तीत जास्त तीन फ्रेम भरून देतं. स्क्रीनवर १२० आकडा दिसतो, पण तुमच्या माऊसला प्रतिसाद मिळतो तो खऱ्या ३० फ्रेमच्या हिशेबाने. आधीच ६०-७० खऱ्या फ्रेम मिळत असतील तर ही सोय छान आहे. ३० मिळत असतील तर ती फसवी आहे. शिवाय हे फीचर स्वतःच थोडी व्हीरॅम खातं, म्हणजे ८ जीबीवर आणखी ताण.

५०६०चे अगदी पहिल्या दिवसाचे रिव्ह्यू बघून निर्णय घेऊ नका. लाँचच्या आधी अनेक स्वतंत्र रिव्ह्यूअर्सना ड्रायव्हरच मिळाला नव्हता, आणि ज्या थोड्यांना आधी मिळाला त्यांनी ठरवून दिलेले गेम आणि सेटिंग वापरले होते. नंतरचे, स्वतंत्र चाचण्यांचे व्हिडिओ शोधा.

एआय शिकायचं असेल तर?

मावसभावाचा हा खरा प्रश्न होता, आणि इथे उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे.

एनव्हिडियाकडे २००७पासून कुडा आहे. एआयची बहुतेक लायब्ररी आधी कुडावर चालते, मग इतरत्र. ट्युटोरियल बघून कमांड टाकली आणि चाललं, हा अनुभव एनव्हिडियावरच जास्त येतो. एएमडीचं आरओसीएम सुधारतंय, २०२५मध्ये विंडोजवर पायटॉर्च चालवायची सोयही प्रिव्ह्यू म्हणून आली. पण एखादी एरर आली की उत्तर शोधायला जास्त वेळ जाईल, हे धरून चाला.

दुसरीकडे मेमरीचं गणित आहे. मॉडेल ४ बिटमध्ये दाबून ठेवलं तर प्रत्येक पॅरामीटरला अर्धा बाइट लागतो. ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ जीबी, वरचा पसारा धरून पाच-सहा. ते ८ जीबीत बसतं. १४ अब्जांचं मॉडेल ७ जीबी, पसारा धरून नऊच्या पुढे. ते ८ जीबीत पूर्ण बसत नाही, १६त आरामात बसतं. आणि न बसलेलं मॉडेल पुन्हा त्याच अरुंद रस्त्यावर येतं.

म्हणजे एकीकडे सॉफ्टवेअर चांगलं पण जागा कमी, दुसरीकडे जागा भरपूर पण सॉफ्टवेअरशी झगडा. माझा सल्ला: दुसऱ्या वर्षाला असताना फक्त एआयसाठी कार्ड घेऊच नका. गुगल कोलॅबवर १६ जीबीचं टी ४ कार्ड फुकट वापरता येतं. वेळेची मर्यादा आहे, कधीकधी मिळतही नाही, पण कुडा शिकायला पुरेसं आहे. घरच्या कार्डावर तयार मॉडेल चालवून बघा, आणि ट्रेनिंगचे प्रयोग कोलॅबवर करा. मात्र ब्लेंडरमध्ये रोजचं पैशाचं काम असेल किंवा तुमचं एखादं सॉफ्टवेअर कुडाशिवाय चालतच नसेल, तर निमूटपणे एनव्हिडिया घ्या. अशा वेळी जमलं तर थोडं थांबून ५०६० टीआय १६ जीबीसाठी पैसे जमवा.

मुक्ताईनगरचा मे महिना

रिव्ह्यू बनतात एसीच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश ही नेहमीची गोष्ट, आणि खोलीवर पत्रे असतील तर विचारूच नका.

कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. २५ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत साधारण ८०वर जाईल. फार तापलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे तुम्ही ज्या वेगाचे पैसे मोजलेत तो दुपारी मिळणारच नाही. म्हणून दोन्हीपैकी कोणतंही घ्या, पण दोन किंवा तीन पंख्यांचं, जाड हीटसिंकचं मॉडेल घ्या. समोर काच असलेल्या दिखाऊ कॅबिनेटऐवजी जाळीचं घ्या. सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट १० टक्के खाली आणा. वेग थोडासाच जातो, उष्णता बरीच उतरते. आणि पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. ती हवा थंड असते तशी ओलीही असते.

विजेचं काय? दोघींत १५ वॅटचा फरक. रोज चार तास खेळलं तरी महिन्याला १.८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी १८ रुपये. या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न लाइट जाण्याचा आहे. कार्ड १६० वॅट, प्रोसेसर ९०, बाकी बोर्ड-एसएसडी-पंखे ४५, मॉनिटर ३०, वर एसएमपीएसमधली गळती. गेम चालू असताना बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. लाइट गेली की तो पिपाणी वाजवून बंद पडेल आणि पीसीही बंद. निदान १ केव्हीएचा घ्या. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, ५५० वॅटचा. व्होल्टेजचे झटके सगळ्यात आधी तोच झेलतो.

किंमत आणि खरेदी

जून २०२५मध्ये डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. ३४९ डॉलर अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ३५,४०० रुपये. डिसेंबरमध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. ९०च्या हिशेबाने तेच कार्ड ३७ हजारांवर, आणि २९९ डॉलरचं ५०६० पावणेबत्तीस हजारांवर. दुकानातले भाव याहून वर-खाली असतील, पण या हिशेबावरून समोरचा भाव वाजवी आहे का, ते कळतं.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहा:

१. नाव वाचून थांबू नका. ९०६० एक्सटी ८ जीबीतही येतं, ५०६० टीआयसुद्धा ८ आणि १६ अशा दोन्हींत येतं. खोक्यावर नाव तेच, जीबीचा आकडा बारीक. ९०६० एक्सटी घ्यायचं तर १६चंच. ८चं घेतलं तर या लेखातला अर्धा मुद्दाच संपला.

२. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. कार्ड बिघडलं तर ते मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जाणार, दोन-तीन आठवडे जाणार. भुसावळ किंवा जळगावच्या ओळखीच्या दुकानदाराने ती पाठवणी अंगावर घेतली, तर त्यासाठी पाचशे-हजार जास्त देणं परवडतं.

३. "पुढच्या महिन्यात स्वस्त होईल" म्हणून थांबू नका. मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात, महिने नाही.

शेवटी काय घेतलं?

मी स्वतः कॉलेजला असताना थोडे पैसे वाचवायला २ जीबी ग्राफिक्सचा लॅपटॉप घेतला होता, ४ जीबीचा सोडून. प्रोसेसर शेवटपर्यंत ठणठणीत होता. दोन वर्षांत मेमरीच कमी पडायला लागली, आणि ती नंतर वाढवता येत नाही. रॅम वाढते, एसएसडी बदलते, व्हीरॅम जन्मभर तेवढीच राहते.

मावसभावाला मी हेच सांगितलं. त्याने रंगीत लाइटचं कॅबिनेट यादीतून काढलं, मॉनिटर १४४ हर्ट्झऐवजी १०० हर्ट्झचा केला, आणि ते पैसे ९०६० एक्सटी १६ जीबीकडे वळवले. मॉनिटर दोन वर्षांनी, पहिल्या इंटर्नशिपच्या पैशातून बदलता येईल. कार्डासाठी पप्पांकडे पुन्हा जायचं नाही, हे तर आधीच ठरलंय.

तुमचं बजेट, तुमचा मदरबोर्ड आणि तुम्ही खेळता ते गेम, या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि मगच दुकानाची पायरी चढा.